डाव्या हाताची भिंत

लाल पेन्सिल टेबलावरून घरंगळली आणि फरशीवर पडली. टक्.

एवढासा आवाज, पण भरदुपारच्या शांततेत मला तो ताट पडल्यासारखा वाटला. करवत फळीत अर्धी गेलेली होती. ती तशीच धरून मी आतल्या खोलीकडे कान लावला. भिंगरीने कूस बदलली, काहीतरी पुटपुटली. मग तिचा श्वास पुन्हा लयीत लागला, तेव्हा कुठे मी माझा सोडला.

भिंगरी म्हणजे माझी लेक, साडेचार वर्षांची. खरं नाव जन्माच्या दाखल्यावर आहे. घरात ते कुणी वापरत नाही, कारण एका जागी ती कधी थांबतच नाही. जेवण झालं की एक ते अडीच झोपते. माझ्या अख्ख्या दिवसातला तेवढाच तुकडा माझा. त्यात भांडी, कपडे, आणि गेल्या आठवड्यापासून सुतारकाम.

समोरच्या वायरमनने ड्रिल मशीन देऊ केलं होतं. "ताई, दहा मिनिटांचं काम आहे, कशाला हात मोडून घेता?" पण मशीन घर्र झालं की पोरगी उठणार, आणि ती उठली की दहा मिनिटांचं काम दहा दिवसांचं. करवतीच्या आवाजाला मात्र ती उठत नाही. रंध्याच्या तर नाहीच नाही. उलट शर्र शर्र चाललं की गाढ झोपते. हे रक्तातच असावं. मीसुद्धा लहानपणी बाबांच्या शेडमध्ये छिलक्यांच्या ढिगात झोपायचे. आई शोधत यायची आणि माझ्या केसांतून लाकूड वेचायची.

बाबा सुतार. होते म्हणायचं की आहेत, हे गेल्या वर्षापासून मला कळेनासं झालंय. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय निम्मा परत आला, हात आलाच नाही. तो छातीशी दुमडून असतो, आजारी कोंबडीच्या पंखासारखा. जीभ तेवढी शाबूत राहिली. "देवाने बरोबर निवडून ठेवलं," वहिनी म्हणते, "जे बंद पडायला हवं होतं तेच चालू ठेवलं." हे ती बाबांच्या तोंडावर म्हणते आणि बाबा हसतात. वहिनीने वर्षभर त्यांचं सगळं केलंय, तिला म्हणायचा हक्क आहे.

मग गेल्या गुरुवारी दादाचा फोन आला. त्याची बदली झाली होती, लांबच्या शहरात. तिथलं घर आमच्याएवढंच, दीड खोलीचं.

"शेडची किल्ली पुढच्या शनिवारी मालकाला द्यायची," तो म्हणाला. "सोमवारी बाबांना तिकडे सोडायचं. मंगळवारी आमचा ट्रक."

तिकडे म्हणजे म्हाताऱ्या माणसांना ठेवतात ते ठिकाण. आम्ही जाऊन बघून आलो होतो. स्वच्छ होतं, नर्स होती, व्यायाम घेणारी मुलगी होती. नाव कुणी घेत नाही. आम्ही सगळे 'तिकडे'च म्हणतो.

"आणि हत्यारांचं काय करू?" दादाने विचारलं. "भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. तुला एखाददुसरं हवं असेल तर—"

"सगळी मी घेते."

"ठेवशील कुठे? तुझ्याकडे ताट ठेवायला जागा नाही."

"भिंतीवर."

"भिंतीवर कशी?"

"मी करते काहीतरी."

आम्ही अकरा मिनिटं बोललो, आणि अकराही मिनिटं हत्यारांबद्दल. बाबांबद्दल मी काही बोलले नाही. दादाही बोलला नाही. फोन ठेवल्यावर मी बाहेरच्या खोलीत आले आणि दार ते खिडकी एवढ्या मोकळ्या भिंतीला टेप लावला. लावला तो खाली, जमिनीलगत. सहा फूट चार इंच भरले. बाबा पाच फूट सात.

हत्यारं कुणी जमिनीलगत टांगत नाही. सुताराच्या मुलीला एवढं कळतं. टेप मिटवून मी पुन्हा वर धरला, छातीच्या उंचीवर, आणि पेन्सिलने खूण केली.

कारणं होती, आणि एकही खोटं नव्हतं. तीन मजले, लिफ्ट नाही. न्हाणीघरात काठी टेकली तर माणूस मावत नाही आणि माणूस उभा राहिला तर काठी. नवरा छापखान्यात सकाळी आठला जातो तो सहाला येतो. दिवसभर मी एकटी, त्यात भिंगरी. बाबा पडले तर मी एकटीने उचलणार कसं? मी हे सगळं मनात इतक्यांदा म्हटलं होतं की पाढ्यासारखं पाठ झालं होतं. पाढा म्हणून झाला की हात शिवशिवायचे आणि मी करवत उचलायचे.

लाकूड बाबांच्याच पलंगाचं. तो त्यांनी लग्नाच्या वेळी स्वतः केलेला, जुन्या दरवाजांच्या सागवानाचा. म्हणजे लाकडाचा हा तिसरा जन्म. झटक्यानंतर दादाने कठड्याचा लोखंडी पलंग आणला आणि हा मोडून जिन्याखाली ठेवला. "ने बाई," वहिनी म्हणाली, "येता-जाता पायाला लागतं." दोन लांब बाजूपट्ट्या, डोक्याकडची रुंद फळी आणि आडव्या पट्ट्या. खिळे काढायला दोन दुपारी गेल्या. एकेक खिळा पकडीत धरून हळूच, कुरकुरत. हिसडा दिला की लाकूड फाटतं आणि मूल उठतं.

मला करायच्या होत्या बाबांच्या शेडमध्ये होत्या तशा तिरक्या पट्ट्या. युक्ती सोपी आहे. लांब पट्टी मधोमध उभी चिरायची, पण सरळ नाही, करवत कलती धरून. दोन भाग होतात, दोघांची एकेक कड उतरती. एक भाग भिंतीत पक्का करायचा, धार वर आणि उतार भिंतीच्या बाजूला. दुसऱ्याचे तुकडे करून हत्याराच्या खुंट्यांच्या पाठीला लावायचे, उलटे. मग खुंटी नुसती वरून अडकवली की बसते. वजन जास्त तितकी घट्ट. आणि वर उचलली की सुटते, कुठेही सरकवता येते, एक खिळा न काढता. "दोन तिरकी माणसं एकमेकांत अशी बसतात," बाबा सांगायचे, "की सरळ माणसांना जमत नाही. मी आणि तुझी आई बघ." आई आतून ओरडायची, "तिरके तुम्ही! मी भिंतीत पक्की आहे म्हणून टांगलेले आहात!"

सहा फूट लांब पट्टी कलती चिरायची म्हणजे करवत जरा कलंडली की संपलं. एक पट्टी दोन झोपांची. मी वेळ झोपांत मोजू लागले होते. शनिवारपर्यंत चार झोपा, तीन झोपा. स्वयंपाक करतानाही डोक्यात करवत चालायची. पोळी लाटताना लाटणं थांबायचं आणि मला वाटायचं, खुंट्या सोळा लागतील की अठरा?

"मिस्त्रीबाई, आज काय कापलं?" संध्याकाळी नवरा दारातूनच विचारायचा. "जेवण आहे ना, की भुसाच वाढणार?"

"भुशात मीठ घातलंय. बस."

एकदा तो भिंतीवरच्या खुणा बघत उभा राहिला. सगळ्यात खालची पट्टीसुद्धा त्याच्या छातीला येत होती.

"एवढं वर का? खाली निम्मी भिंत रिकामी राहील."

"राहू दे."

"खाली काय ठेवणार?"

"काही नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग रिकाम्या फरशीकडे. तो शाईत हात बुडवून दिवसभर उलटी अक्षरं वाचणारा माणूस. त्याला सरळ बोललेलं कमी आणि उलटं जास्त कळतं.  त्याने चप्पल उचलून त्या फरशीवरून बाजूला ठेवली.

भिंतीला भोकं पाडायचं काम मात्र झोपेत करण्यासारखं नव्हतं. ते भिंगरी जागी असताना केलं. छिन्नी आणि हातोडी, प्रत्येक ठोक्याला छिन्नी थोडी फिरवायची. विटेची लाल पूड फरशीवर पडायची आणि भिंगरी ती बाटलीच्या झाकणात गोळा करायची. "तिखट!" भोकात लाकडाचा गट्टू ठोकायचा, गट्टूत स्क्रू. बारा भोकं पडली. खालची म्हातारी दोनदा वर आली. दुसऱ्यांदा म्हणाली, "अगं, घर पाडतेयस की बांधतेयस?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही मावशी." ती हसली. मला नाही हसू आलं.

हत्यारं शुक्रवारी आली. दादाने पेटी तीन मजले चढवली आणि दारातच बसला, घामाघूम. "भंगारवाला नाराज झाला," एवढंच म्हणाला. उद्या बाबांना शेड रिकामी झालेली दाखवू नकोस, इकडेच घेऊन ये, असं मी त्याला सांगितलं.

त्या दुपारी मी झोपेच्या दीड तासात बाबांची सगळी शेड त्या भिंतीवर उतरवली. डोळे मिटले तरी मला ती दिसते. मोठी करवत उजव्या टोकाला, मूठ बाहेर, म्हणजे न बघता हात टाकला की मूठ हातात. तिच्या शेजारी छोटी करवत. मग पटाश्या, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्न्या, बारीक ते रुंद, उजवीकडे रुंद. हातोडी, काटकोन बघायचा गुण्या, कानशी, भोकं पाडायचं गिरमिट. रंधे छोट्या फळीवर ओळीने, टाचा उजवीकडे. एकूण सतरा खुंट्या. चार पावलं मागे गेले तर वाटलं, आता बाबा कानामागची पेन्सिल काढून ओरडतील, "उजेडात उभी राहू नकोस गं!"

भिंगरी उठून डोळे चोळत आली.

"ही सगळी आजोबांची?"

"हो."

"परत तिथेच कशी ठेवायची? विसरलं तर?"

मग मी तिला शेडमधलीच दुसरी युक्ती शिकवली. हत्यार खुंटीवर असताना त्याच्या कडेकडेने भिंतीवर पेन्सिल फिरवायची. हत्यार काढलं तरी त्याची आकृती राहते. कुणाची जागा कुठली ते विसरत नाही. मी तिला स्टुलावर उभं केलं, लाल पेन्सिल हातात दिली आणि कमरेला धरून राहिले. जीभ बाहेर काढून ती सगळ्यांच्या भोवती फिरली. करवतीचे दात काढताना दमली. "हिला किती दात!" मग हातोडी काढून बघितली. रिकाम्या भिंतीवर लाल हातोडी.

"आता हे हिचं घर," ती म्हणाली.

शनिवारी बाबा आले. दादा आणि माझा नवरा त्यांना खुर्चीत बसवून उचलणार होते, पण पहिल्या मजल्यावर त्यांनी काठी आपटली. "मी काय माप चुकलेलं कपाट आहे का? उतरवा." पुढचे दोन मजले ते चढले. डाव्या हातात काठी, उजवा पाय मागून ओढत. पस्तीस मिनिटं लागली. मी दारात उभी, प्रत्येक पायरीला माझेच दात आवळले जात होते.

"चोपन्न पायऱ्या," दारात पोचल्यावर ते धापा टाकत म्हणाले. "आणि तुमच्या दुसऱ्या जिन्याची सातवी पायरी अर्ध्या इंचाने उंच आहे. गवंडी गाढव होता."

मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

 वहिनीने पदर तोंडाला लावला. बाबा हळूहळू भिंतीपाशी गेले. काठी भिंगरीच्या हातात दिली, खांदा भिंतीला टेकवला आणि डावा हात उचलला. करवतीच्या मुठीकडे नेला. तो पोचेना. अंगासमोरून पलीकडे न्यावा लागत होता आणि मध्ये तो दुमडलेला उजवा हात येत होता. त्यांनी अंग वळवून बघितलं, तर तोल जायला लागला. नवऱ्याने पटकन मागे खुर्ची सरकवली. ते खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत राहिले.

"झकास," ते म्हणाले. "माझा उजवा हात जिवंत असता तर नाचला असता."

 आठवडाभर मी हुबेहूब शेड मांडली होती, एक इंच इकडचा तिकडे नाही. कुणासाठी? सगळी भिंत मी अशा माणसासाठी लावली होती जो आता नव्हता. जो होता, त्याचा हात तिथे पोचत नव्हता.

"बाबा, मला कळायला हवं होतं—"

"आणि हे काय?" ते मध्येच म्हणाले. त्यांचा अंगठा खालच्या पट्टीवर फिरत होता, जिथे एक जुनी खाच मी लाकडाचा तुकडा घालून बुजवली होती. "ही खाच माझ्या हातची आहे."

"पलंगाची बाजू आहे."

"माझ्या?"

"हो."

 दादा खिडकीबाहेर बघू लागला.

"इथे रंधा उलट्या अंगाने मारलायस," बाबा शेवटी म्हणाले. "रेषा उचकटल्या बघ. मांजराला उलटं कुरवाळल्यासारखं. तीस वर्षं शेडमध्ये काय फक्त झोपा काढल्यास?"

"झोपाच काढल्या," मी म्हटलं आणि पहिली खुंटी उचलली.

तिरक्या पट्टीचं हेच सुख. मोठी करवत उचलली, भिंतीच्या डाव्या टोकाला नेली, अडकवली. मूठ बाहेर, आता डावीकडे. मग छोटी करवत. पटाश्या उलट्या ओळीने, रुंद डावीकडे. रंधे टाचा फिरवून. मी थांबतच नव्हते.

"अगं, पुरे," बाबा म्हणाले. "मी काय आता कामाला येणार आहे इथे?"

"रविवारी याल ना," दादा म्हणाला. "दर रविवारी यायचं, बाबा. ठरलंय."

"कोण आणणार? तू तर मंगळवारी चाललास."

"मी आणीन," माझा नवरा म्हणाला.

"जावईबापू, चोपन्न पायऱ्या आहेत. वर एकदा, खाली एकदा. महिन्यात चार रविवार. मी गुणाकार करू की तुम्ही करता?"

 मी शेवटची खुंटी, हातोडीची, अडकवली आणि बाजूला झाले. बाबा काठी टेकून उठले. त्यांनी ती पुन्हा भिंगरीला दिली, पुन्हा खांदा टेकवला, यावेळी उजवा. डावा हात उचलला आणि न बघता टाकला.

मूठ हातात आली.

करवत त्यांनी खाली काढली. पात्याचा तोल त्यांनी जोखला, उजेडात धरून दात बघितले. "धार लावायला झालीय," ते म्हणाले. "डाव्या हाताने लावायला शिकायला महिनाभर लागेल." मग एकदम करवत परत टांगायला गेले, ती अडकेना. मी पुढे झाले. "थांब," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी अडकली.

दादाने घड्याळ बघितलं. "निघायला हवं. उतरायला तेवढाच वेळ लागेल."

"हो, हो," बाबा म्हणाले. पण हलले नाहीत. मीही हलले नाही. माझ्या तोंडात तो सगळा पाढा तयार होता: तीन मजले, न्हाणीघर, एकटी, भिंगरी. आणि त्याच्या मागे एक साधं वाक्य होतं, चार शब्दांचं, जे आठवडाभर मी करवतीखाली दाबून ठेवलं होतं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. वहिनीने बघितलं. बाबांनी मात्र मुद्दाम बघितलं नाही. ते पटाश्या मोजत होते.

भिंतीवर सगळ्या जुन्या लाल आकृत्या तशाच होत्या, आता चुकीच्या जागी. करवतीच्या दातांत गुण्या टांगलेला, हातोडीच्या घरात गिरमिट. भिंगरी वैतागली होती. "सगळ्यांची घरं बदलली! आता मला परत काढायला लागणार." तिने काठी माझ्या नवऱ्याला दिली, लाल पेन्सिल उचलली, स्टुलाकडे गेली. मग मध्येच थांबली. खालची रिकामी भिंत तिने बघितली, तिथली मोकळी फरशी बघितली. खाली बसली आणि भिंतीच्या पायथ्याशी, दाराच्या बाजूने पेन्सिल टेकवली. एक आडवी लाल रेघ निघाली. थोडी पुढे गेली आणि थांबली.

तिने वळून माझ्याकडे बघितलं.

"आई, आजोबा झोपले की केवढे होतात? त्यांचं घर कुठपर्यंत काढू?"